नाव छापलं नाही, तरी गावाला कळलं

ताई,

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी जिल्हा दैनिकाचा वार्ताहर आहे. सहा वर्षं झाली. स्वतःचं छोटं यूट्यूब चॅनेलही चालवतो. मागच्या महिन्यात जवळच्या खेड्यातल्या एका शिक्षकावर पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, गुन्हा दाखल झाला. पोलिसांची प्रेस नोट ग्रुपवर आली, तिच्यावरून मी बातमी दिली. मुलीचं नाव दिलं नाही. गाव पोलिसांच्या नोटमध्येच होतं, ते दिलं. वडील बोलायला तयार होते, म्हणून त्यांचा चेहरा धूसर करून प्रतिक्रिया चॅनेलवर टाकली. मुलीने आधी मुख्याध्यापकांना सांगितलं होतं, असंही ते म्हणाले. ते मात्र मी वगळलं, कारण त्या संस्थेच्या जाहिराती आमच्याकडे असतात. दोन दिवसांनी मुलीचा चुलता घरी आला. 'पोरीला आजोळी धाडलंय, शाळा सुटली तिची, तुझ्या बातमीपायी,' एवढं बोलून निघून गेला. आठवड्याने त्या शिक्षकाच्या वकिलाची नोटीस आली. 'नराधम' म्हटलं म्हणून ५० लाखांची अब्रुनुकसानी. संपादक म्हणतात, सगळ्यांनीच छापलंय, घाबरू नको, आणि प्रेस कौन्सिल फार तर समज देते. मला झोप लागत नाही. मी गुन्हा केला का? काय छापायचं आणि काय नाही हे आम्हाला कुणी कधी शिकवलंच नाही. आता काय करू?

तुमचा धाकटा भाऊ

*

धाकटा भाऊ अशी सही केलीस, म्हणून 'तू' म्हणते. पत्रासोबतचं कात्रण मी तीनदा वाचलं, व्हिडिओही पाहिला. तुझं पत्र इथे छापताना आणि तुझ्या बातमीतली वाक्यं देताना मी इयत्ता, धंदा, घराच्या खुणा असे तपशील बदलले आहेत. का बदलले ते पुढे येईलच.

आधी सरळ उत्तर. हो. शिक्षा होईल की नाही ते कोर्ट ठरवेल, पण कायद्याने जे छापायला मनाई आहे ते तुझ्या बातमीत आहे. तुझ्या मनात वाईट काही नव्हतं, हे पत्राच्या ओळीओळीतून दिसतं. आजोळी गेलेल्या त्या मुलीला मात्र त्याचा काही उपयोग नाही.

तुझ्या बातमीचं दुसरं वाक्य बघ. 'तालुक्यातील अमुक येथील माध्यमिक विद्यालयात इयत्ता आठवीत शिकणाऱ्या, पीठगिरणी चालकाच्या तेरा वर्षीय मुलीवर...' नाव नाही, खरं आहे. पण गाव आहे. शाळा आहे, आणि त्या गावात माध्यमिक शाळा एकच. इयत्ता आहे, वय आहे, बापाचा धंदा आहे. दोन हजार वस्तीच्या गावात गिरण्या असतात किती? जी बाई सकाळी दळणाचा डबा घेऊन तिथे रांगेत उभी राहते, तिला ही बातमी वाचल्यावर नाव विचारावं लागत नाही. जिल्ह्याच्या गावी बसून वाचणाऱ्याला मुलगी कोण ते कळलं नाही, आणि त्याला कळून काही बिघडणारही नव्हतं. जिथे तिला रोज दप्तर घेऊन चालत जायचं होतं, तिथल्या घराघरात ते कळलं.

व्हिडिओत तू चेहरा धूसर केलास आणि आवाज तसाच ठेवलास. गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून बोलणाऱ्या माणसाचा आवाज सगळ्या गावाच्या ओळखीचा असतो. मागे निळं दार दिसतं, तुळशीवृंदावन दिसतं, भिंतीला टेकवलेल्या मोटारसायकलच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे दिसतात. बत्तिसाव्या सेकंदाला आतून एक बाई डोकावून परत जाते. तिचा चेहरा धूसर करायचा राहूनच गेला आहे.

मी डेस्कवर, म्हणजे बातम्या तपासून पानात लावणाऱ्या विभागात, नवी होते तेव्हा आमचे वृत्तसंपादक अशी बातमी आली की कॉपी परत आमच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, 'ही त्या गल्लीत बसून वाच. कोण ते कळतंय का?' कळत असेल तर एकेक तपशील काढायचा आणि पुन्हा गल्लीत बसायचं. पुढे कायदे शिकले, निकाल वाचले, पण या प्रश्नाइतकं उपयोगी मला काही सापडलं नाही. कायदाही शेवटी हेच विचारतो.

पॉक्सो कायदा २०१२ चा. त्याच्या कलम २३ मध्ये मुलाची ओळख म्हणजे काय ते सांगितलं आहे: नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, शाळा, परिसर आणि ओळख पटू शकेल असा दुसरा कोणताही तपशील. आपल्याकडे बहुतेक वार्ताहर या यादीतला पहिला शब्द वाचून थांबतात. शिक्षा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. कोणत्याही माध्यमात असं म्हटलेलं असल्यामुळे चॅनेल, पोर्टल, फेसबुकची पोस्ट हे सगळं त्यात आलं. आणि वार्ताहराच्या चुकीची जबाबदारी प्रकाशकावर आणि मालकावरही येते, हे तुझ्या संपादकांना माहीत नसेल तर माहीत करून दे. २०१५ च्या बालन्याय कायद्याचं कलम ७४ आणखी पुढे जातं. तिथे अत्याचार झालेलं मूल तर आहेच, शिवाय साक्षीदार मूल आणि ज्याच्या हातून गुन्हा झाल्याचा आरोप आहे ते मूलही आहे. मोबाईल चोरताना सापडलेल्या सोळा वर्षांच्या पोराचा फोटो आपण बिनधास्त छापतो, तोही या कलमात बसतो. सज्ञान स्त्रीवर बलात्कार झाला असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ लागू होतं, शिक्षा दोन वर्षांपर्यंत.

हे कलम ७२ म्हणजे जुन्या दंड संहितेतलं २२८ अ, आणि ते आलं त्याच्यामागे महाराष्ट्रातली एक मुलगी आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, तेव्हा तो भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता, एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला झाला. हायकोर्टाने दोषी धरलेल्या पोलिसांना सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये सोडून दिलं. त्यावर १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, त्यांत पुण्याच्या वसुधा धागमवार होत्या. देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ओळख उघड करणं हा गुन्हा त्याच दुरुस्तीने ठरला. तो खटला कायद्याच्या पुस्तकांत आजही त्या मुलीच्या नावाने ओळखला जातो. मी ते नाव इथे लिहिणार नाही. सगळ्यांनी लिहिलं म्हणून आपण लिहायचं, ही सवय कुठेतरी मोडावी लागते.

आता तुझं म्हणणं घेऊ. गाव पोलिसांच्या प्रेस नोटमध्येच होतं, असं तू लिहिलंस. असेल. ठाणे अंमलदाराने मागच्या नोटवर नवी नोट टाईप केली, कुणी तपासली नाही, ग्रुपवर पडली. ती पोलिसांची चूक. निपुण सक्सेना प्रकरणात डिसेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने पोलिसांनाही बजावलं आहे की असे एफआयआर सार्वजनिक करू नयेत आणि मुलीचं नाव असलेले कागद शक्यतो बंद पाकिटात ठेवावेत. आडवळणानेही ओळख उघड करता येणार नाही, असं त्या निकालात आहे. पण नोट त्यांची असली तरी छापायचा निर्णय तुझा आणि डेस्कचा. आपल्या हाती आलेला कागद छापण्याजोगा आहे का, हे बघायलाच मध्ये पत्रकार असतो.

मग वडील तयार होते हे. सज्ञान स्त्रीने स्वतः लेखी परवानगी दिली तर तिची ओळख देता येते. मुलाच्या बाबतीत आईबापांनी हो म्हटलं तरी चालत नाही. मुलाच्या हिताचं आहे असं कारण नोंदवून फक्त विशेष न्यायालय ती मुभा देऊ शकतं. मुलगी मरण पावली असेल तरीही घरच्यांच्या होकारावर नाव उघड करता येत नाही, हेसुद्धा त्याच निकालात आलं. जम्मूतल्या कठुआच्या बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणात २०१८ साली देशातल्या मोठमोठ्या माध्यमांनी त्या लहान मुलीचं नाव आणि फोटो दाखवले. दिल्ली हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली आणि अनेक माध्यमसंस्थांना प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले. न्याय मागतोय, हीच भावना त्यांचीही होती. तुझ्यासमोर उभा राहिलेला तो बाप त्या संध्याकाळी रागाने आणि दुःखाने थरथरत होता. माईक पुढे केलास म्हणून तो बोलला. त्याच्या जागी तू विचार करायला हवा होतास, कारण त्या दिवशी तो करू शकत नव्हता.

'सगळ्यांनीच छापलं' यावर फार लिहीत नाही. नोटीस आणि समन्स एकेकाच्या नावाने येतात. कारवारच्या एका कन्नड दैनिकाच्या संपादकावर असाच गुन्हा दाखल झाला. मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय पोलिसांना तपास करता येतो का, एवढ्या एका मुद्द्यावर ते प्रकरण २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि तिथे दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली. गावच्या पानावरची एक बातमी, आणि वर्षानुवर्षं कोर्ट. प्रेस कौन्सिलबद्दल संपादकांचं अर्धं खरं आहे. तिला शिक्षेचा अधिकार नाही, ती वृत्तपत्राला समज देते, ताशेरे ओढते, आणि तुझं चॅनेल तर तिच्या कक्षेतच येत नाही. पण वर सांगितलेली कलमं प्रेस कौन्सिलची नाहीत. ती फौजदारी कायद्याची आहेत.

आता त्या शिक्षकाकडे येऊ. इथे तुला माझं म्हणणं आवडणार नाही कदाचित.

मथळा आहे 'नराधम शिक्षकाला बेड्या'. तो डेस्कने दिला असेल, मान्य. व्हिडिओचं शीर्षक मात्र तुझं आहे: 'या नराधमाला फाशी कधी?' अटक झाली त्या दिवशी तो माणूस संशयित असतो. आरोपपत्र गेलं की आरोपी. साक्षीपुरावे होऊन निकाल लागला तरच दोषी. हे तीन शब्द आपल्या धंद्यात मापाच्या वजनांसारखे आहेत, एकाच्या जागी दुसरा ठेवून चालत नाही. 'अत्याचार केला' आणि 'अत्याचार केल्याची फिर्याद आहे' यांत एका ओळीचा फरक पडतो, आणि पानावर तेवढी जागा नेहमी निघते.

मला हे कसं कळलं ते सांगते. नव्वदच्या दशकात मी एका जिल्हा दैनिकात उपसंपादक होते. एका पतसंस्थेच्या रोखपालाला अपहाराच्या आरोपावरून अटक झाली. तीन कॉलम बातमी, पोलीस ठाण्यातला फोटो, आणि मथळा 'भामट्या रोखपालाला अटक'. तो मथळा मी दिला होता. चार वर्षांनी तो माणूस कार्यालयात आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत निकालाची नक्कल, तिच्यावर कोर्टाचा गोल शिक्का, आणि सोबत आमचंच कात्रण. घड्यांवर विरून कापडासारखं मऊ झालेलं. निर्दोष सुटला होता. त्याने एवढंच विचारलं, 'ही जिथे आली होती तिथेच हे द्याल का?' मी हो म्हटलं. रात्री पहिल्या पानावर जाहिरात वाढली, आणि त्याची सुटका पाचव्या पानावर कांद्याच्या भावांखाली सहा ओळींत गेली. तो परत आला नाही. त्यानंतर अटकेची बातमी हातात आली की मी बाजूच्या वहीत तारीख लिहून ठेवू लागले. निकाल लागला की तेवढ्याच जागेत तो छापायचा म्हणून. सगळ्या वेळी जमलं असं म्हणणार नाही.

आता नोटीस. ५० लाखांचा आकडा बघून हातपाय गाळू नकोस. नोटीस म्हणजे दावा नव्हे. अब्रुनुकसानीला दोन वाटा असतात. दिवाणी दाव्यात भरपाई मागतात आणि मजकूर खरा असल्याचं सिद्ध केलंस तर सुटतोस. फौजदारीत, म्हणजे आता न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली, नुसतं खरं असून भागत नाही. ते सांगणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. दोन वर्षांपर्यंतची कैद होऊ शकते, आणि हे कलम घटनेत बसतं असं सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये ठरवलं आहे. फिर्यादीत काय म्हटलंय ते फिर्यादीचा हवाला देऊन, जसंच्या तसं आणि न रंगवता दिलं असेल, तर बचावाला भक्कम जागा असते. 'नराधम' हा शब्द कुठल्याही फिर्यादीत नसतो. तो आपण घालतो, आणि तिथेच पाय अडकतो.

हे नवीन नाही. १८८२ साली टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते ते अब्रुनुकसानीच्याच खटल्यात. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होतोय, या काळजीने 'केसरी' आणि 'मराठा'ने कारभारी माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध लिहिलं. त्यांच्याकडे पत्रं होती. ती खरी आहेत असा त्यांचा प्रामाणिक विश्वास होता. कोर्टात ती बनावट निघाली. माफी मागूनही चार महिन्यांची शिक्षा झाली. आपण शाळेत हे त्यागाची गोष्ट म्हणून शिकतो आणि ती आहेच. मला त्यात वार्ताहराला लागणारी गोष्टही दिसते: तळमळ खरी असली तरी हातातला कागद खरा आहे का, हे वेगळं तपासावं लागतं.

दुसरं एक. सुशांतसिंह राजपूत प्रकरणाच्या वार्तांकनावर मुंबई हायकोर्टाने जानेवारी २०२१ मध्ये निकाल दिला. तपास चालू असताना माध्यमांनी काय टाळावं याची त्यात यादी आहे. पीडित, साक्षीदार आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या मुलाखती घेऊन दाखवणं त्या यादीत आहे, आणि पोलिसांसमोरची 'कबुली' पुरावा असल्यासारखी सांगणंही. तुझी बापाची प्रतिक्रिया पहिल्यात बसते आणि बातमीतलं 'आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली' हे वाक्य दुसऱ्यात. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. अशा वाक्यांनी आरोपीच्या वकिलाला मात्र आयता मुद्दा मिळतो, आणि मग ज्या मुलीच्या बाजूने आपण लिहीत होतो तिचाच खटला हलतो.

सज्ञान आरोपीचं नाव छापायला सरसकट मनाई नाही. पण तू त्याचं नाव आणि विषय छापलास, आणि तो विषय शिकवणारा त्या शाळेत तो एकटाच आहे. अशा वेळी आरोपीचं नाव म्हणजे मुलीपर्यंतची वाट. आरोपी बाप, काका, शेजारी असेल तर त्याचं नाव कधीच नको. माझ्या हातात ती कॉपी आली असती तर एवढीच गेली असती: 'तालुक्यातील एका शाळेच्या शिक्षकावर अल्पवयीन विद्यार्थिनीच्या लैंगिक छळाच्या आरोपावरून पॉक्सो कायद्याखाली गुन्हा दाखल झाला आहे. पोलिसांनी संशयिताला अटक केली असून तपास सुरू आहे. मुलीची ओळख उघड होऊ नये यासाठी गाव, शाळा व संशयिताचे नाव दिलेले नाही.' तीन वाक्यं. वाचकाला कळायला हवं ते सगळं त्यात आहे.

आम्हाला कुणी शिकवलं नाही, हे तुझं म्हणणं मनाला लागलं. मानधन तुटपुंजं, जाहिरातीचं टार्गेट, आणि प्रशिक्षण म्हणून दिवाळी अंकाआधीची एक बैठक. दोष तुझ्या एकट्याचा नाही. तरी पाया अवघड नाही. घटनेत पत्रकारांसाठी वेगळं कलम नाही. कलम १९(१)(अ) खाली कुठल्याही नागरिकाला आहे तेच अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य आपल्याला आहे, आणि १९(२) मधली बंधनंही तीच. वृत्तपत्राला नागरिकापेक्षा वेगळे खास हक्क नाहीत, हे डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत स्पष्ट केलं होतं. हे स्वातंत्र्य तोकडं मात्र नाही. पानं किती आणि किंमत किती हे सरकार ठरवू लागलं, तेव्हा पुण्याचा 'सकाळ' कोर्टात गेला आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायदा रद्द ठरवला. सरकारी अधिकाऱ्याने कामात केलेल्या गोष्टींवर लिहायला, सार्वजनिक नोंदींवरून लिहायला भरपूर मोकळीक आहे, हे १९९४ च्या ऑटो शंकर निकालात, म्हणजे त्या नावाच्या फाशीच्या कैद्याच्या आत्मकथेवरच्या खटल्यात, सुप्रीम कोर्टाने सांगितलं. त्याच निकालात लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीच्या नावाला त्या मोकळिकीतून वेगळं काढलं आहे. ज्यांच्या हातात सत्ता आहे त्यांच्याविषयी लिहायला हात सैल, ज्यांच्या हातात काही नाही त्यांच्याविषयी आखडता. तुझ्या बातमीत नेमकं उलट झालं. मुलीविषयी सगळं छापलं आणि मुख्याध्यापकांविषयी वडील जे म्हणाले ते जाहिरातीपायी झाकलं. पत्रातलं ते एक वाक्य मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त टोचलं, आणि ते तू लपवलं नाहीस म्हणून मी इतकं लांब उत्तर लिहिते आहे.

आता कामाचं. हे वाचून होताच व्हिडिओ खाली घे. ई-पेपर आणि पोर्टलवरून बातमी काढायला संपादकांना मेल कर, फोनवर भागवू नकोस. मूळ रेकॉर्डिंग, प्रेस नोटचा स्क्रीनशॉट, तुझी वही यातलं काहीही पुसू नकोस, वकिलाला ते लागेल. ज्या ग्रुपवर लिंक फिरली त्यांच्या अॅडमिनना एकेकट्याला सांग. ग्रुपवर 'ती बातमी काढा' असं टाकलंस तर ज्यांनी वाचली नव्हती तेही शोधून वाचतील. याच कारणाने मुलीविषयी जाहीर माफीनामा छापायचा नाही, चॅनेलवर तर नाहीच.

'नराधम' शब्दाविषयी मात्र शुद्धिपत्र यायला हवं. गुन्हा सिद्ध झालेला नसताना तो शब्द वापरला याबद्दल दिलगिरी, गाव आणि शाळा न सांगता, ठळक जागी. मसुदा वकिलाला दाखवूनच दे. नोटिशीला उत्तर वकिलामार्फत, मुदतीत. त्या शिक्षकाला किंवा त्याच्या वकिलाला फोन करू नकोस. पेपरला नोटिशीची प्रत लेखी कळव आणि पोच घे. वार्ताहर अडचणीत आला की 'तो आमचा माणूस नाही' म्हणणारी दैनिकं मी पाहिली आहेत. ओळखपत्र, मानधनाच्या नोंदी, डेस्कशी झालेले मेसेज एका फाईलमध्ये लाव.

त्या घरी जाऊ नकोस. चुलता पुन्हा आला तर उभं राहून ऐकून घे आणि माफी माग. पोलिसांनी गाव दिलं होतं वगैरे काही सांगू नकोस. वकील म्हणतील लिहून काही देऊ नकोस, ते ऐक. तोंडाने माफी मागण्यापासून कुणाचंही ऐकून थांबू नकोस. त्यांना माहीत नसेल तर एवढं सांग की दुसऱ्या शाळेत प्रवेश, समुपदेशन, संरक्षण यासाठी बालकल्याण समितीकडे जाता येतं, १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करता येतो, आणि अत्याचारपीडितांसाठीच्या मनोधैर्य योजनेतल्या आर्थिक मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं असतं. वकीलही तिथे फुकट मिळतो.

मग राहिली ती वगळलेली बातमी. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे गुन्हा कळला की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही तर कलम २१ खाली त्याला वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुख्याध्यापकांना आधी सांगितलं होतं, हे वडिलांनी पोलिसांपुढे जबाबात सांगायला हवं, तपासात ते महत्त्वाचं आहे. तू ते आत्ता त्या गावाच्या नावाने छापलंस तर पुन्हा मुलीपर्यंतच वाट जाईल. पण संपूर्ण तालुक्याची बातमी करता येते. प्रत्येक शाळेत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असावी असा शासनाचा आदेश २०२२ चा आहे. तुझ्या तालुक्यातल्या किती शाळांत ती आहे? बैठका किती झाल्या, इतिवृत्त आहे का, तक्रारपेटी कोण आणि कधी उघडतं, किल्ली कुणाकडे असते? जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे, माध्यमिक विभागात, माहितीच्या अधिकाराचा अर्ज दे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तोवर आठ-दहा शाळांत स्वतः जाऊन पेट्या बघून ये. मुख्याध्यापकांची बाजू त्यांच्या शब्दांत घे. जाहिरात देणाऱ्या संस्थेची शाळा यादीतून गाळू नकोस, आणि त्या गावची शाळा यादीत फक्त एक ओळ म्हणून येऊ दे, घटनेचा उल्लेख न करता.

माहिती हाती आली की मसुदा डेस्कला पाठवण्याआधी मला पाठव. मी त्या गल्लीत बसून वाचते आणि कळवते.

तुझी,
ताई